फुलाला जपतो, तसे भाजीला का नाही?

मुदखेडच्या शिवारात फुलांची तोडणी ऊन चढायच्या आत उरकावी लागते. नांदेडपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचा हा परिसर फुलशेतीसाठी ओळखला जातो. तोडलेले फूल उन्हात राहिले तर बाजारात पोचेपर्यंत मान टाकते आणि मान टाकलेल्या फुलाला गिऱ्हाईक नसते, हे इथल्या शेतकऱ्याला कुणी शिकवावे लागत नाही. म्हणून ओले फडके, सावली आणि घाई या तीन गोष्टी फुलांच्या वाट्याला येतात. त्याच शिवारातून, त्याच रस्त्याने मेथीच्या, शेपूच्या आणि पालकाच्या जुड्याही शहराकडे निघतात. त्यांच्या वाट्याला मात्र ही काळजी क्वचितच येते. जुडी सुकली तर पाणी मारले जाते, ती पुन्हा टवटवीत दिसू लागते आणि आपण ती 'ताजी' म्हणून पिशवीत टाकतो.

फूल कोमेजले की डोळ्यांना दिसते. भाजीतले जे आधी कोमेजते, ते डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे तिच्यातले 'क' जीवनसत्त्व आणि 'ब' गटातली काही जीवनसत्त्वे. गेलेले पाणी शिंपडून परत आणता येते, पण गेलेले जीवनसत्त्व परत येत नाही. शेतापासून ताटापर्यंतच्या प्रवासात ते कुठे कुठे सांडते आणि ते वाचवण्यासाठी आपल्या हाती काय आहे, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे. हा प्रश्न केवळ पाककौशल्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. रक्तक्षयाचे मोठे कारण लोहाची कमतरता हे आहे. परंतु लोह शरीरात शोषले जाण्यासाठी 'क' जीवनसत्त्व मदत करते आणि रक्तपेशी घडण्यासाठी फोलेट लागते. ही दोन्ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे आहेत आणि दोन्ही मुख्यत: भाजीच्या टोपलीतून आपल्याकडे येतात.

साठत नाहीत, म्हणून रोज हवीत

जीवनसत्त्वांची दोन कुळे आहेत. अ, ड, ई आणि के ही तेला-तुपात विरघळणारी; शरीर ती यकृतात आणि चरबीत साठवून ठेवू शकते. ब गट आणि क ही पाण्यात विरघळणारी. गरजेपेक्षा जास्त झाली की त्यांचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. ब-१२ हा यातला ठळक अपवाद. त्याचा साठा यकृतात काही वर्षे पुरू शकतो. फोलेटचा साठा काही महिने पुरतो, तर 'क' पूर्णपणे बंद झाले तर एक ते तीन महिन्यांत हिरड्यांतून रक्त येऊ लागते. थोडक्यात, एखाद्या रविवारी भरपूर सॅलड खाऊन उरलेला आठवडा नुसत्या बटाट्यावर काढता येत नाही. या जीवनसत्त्वांचा हिशेब रोजच्या रोज मांडावा लागतो.

तो हिशेब काय आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला रोज ८० मिलिग्रॅम आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व हवे. फोलेट पुरुषाला ३०० मायक्रोग्रॅम, स्त्रीला २२० मायक्रोग्रॅम, तर गर्भवतीला तब्बल ५७० मायक्रोग्रॅम हवे. याच संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहार मार्गदर्शनात दिवसभराच्या ताटात ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे म्हटले आहे. चार माणसांच्या घरात रोज दीड किलोहून अधिक भाजी! आपल्या घरात येणाऱ्या पिशवीचे वजन एकदा करून पाहावे, म्हणजे अंतर लक्षात येईल.

वेढ्यातला धडा

या जीवनसत्त्वांची किंमत माणसाला शहाणपणाने नव्हे, तर संकटाने कळत गेली आहे. त्यातला एक प्रसंग आपल्या मातीशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत-अल-अमारा या गावी ब्रिटिश-हिंदी फौज डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ही फौज म्हणजे सहावी 'पूना डिव्हिजन'. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. बाहेरून रसद बंद, हिरवी भाजी नाही. एकाच तटबंदीत, एकाच सेनापतीच्या हुकमतीखाली असलेल्या सैनिकांत तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. गोऱ्या शिपायांना बेरीबेरी झाली, तर हिंदी शिपायांना स्कर्व्ही.

कारण ताटात होते. गोरे शिपाई मैद्याचा पाव आणि घोड्याचे मांस खात. ताज्या मांसातून थोडे 'क' मिळे, पण मैद्यातून ब-१ निघून गेलेले होते. हिंदी शिपायांचे मुख्य अन्न कोंड्यासह दळलेली कणीक, म्हणून त्यांना ब-१ मिळत राहिले. पण बहुतेकांनी घोड्याचे मांस नाकारले आणि भाजी तर नव्हतीच. पुढे गोऱ्यांच्या पावातही कणीक मिसळावी लागली, तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरू लागली. हिंदी शिपायांना मात्र हिरवा पाला हवा होता. शेवटी शेवटी आसपासचा रानपाला शिजवून दिला गेला, पण तोवर हजाराहून अधिक जणांना स्कर्व्हीने गाठले होते. 'जीवनसत्त्व' ही कल्पना तेव्हा नुकतीच जन्मली होती. कासिमिर फंक या शास्त्रज्ञाने 'व्हायटामिन' हा शब्द १९१२ मध्ये सुचवला होता.

त्याच युद्धाच्या काळात आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कोरड्या कडधान्यात 'क' जवळजवळ नसते, पण तेच भिजवून मोड आणले की ते तयार होऊ लागते. स्कर्व्ही झालेल्या सैनिकांवर मोड आलेल्या कडधान्याचा उपचार करून पाहण्यात आला आणि त्याचा गुण आला. आपल्या घरात उसळीसाठी फडक्यात बांधून ठेवलेले मूग-मटकी हे एका अर्थाने स्वयंपाकघरातले भाजीचे वाफेच आहेत. भाजी कडाडते तेव्हा त्यांची आठवण ठेवावी.

परळच्या प्रयोगशाळेतून पालकाच्या पानापर्यंत

दुसरी कहाणी मुंबईची. १९२८ साली लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर स्त्रियांमधला एक जीवघेणा रक्तक्षय समजून घेणे, हे त्यांचे काम होते. परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी अभ्यास केला. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रिया त्यांच्या रुग्ण होत्या. या स्त्रियांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या दिसत. रोगजंतू सापडेना. मग विल्स यांनी या बायका खातात काय, याकडे लक्ष वळवले. ज्यांच्या ताटात प्रथिने, फळे आणि भाज्या सर्वांत कमी, त्यांनाच हा आजार अधिक, असे चित्र समोर आले.

विल्स यांनी आधी प्राण्यांवर प्रयोग केले आणि मग रुग्णांना यीस्टचा अर्क दिला. 'मार्माइट' नावाने तो बाजारात स्वस्तात मिळे. स्त्रिया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले. यीस्टमध्ये असलेला तो अज्ञात घटक काही वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणूनच ओळखला जात होता. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालक आटवून त्यातून एक आम्ल वेगळे केले आणि पानाला लॅटिन भाषेत 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याचे नाव 'फॉलिक आम्ल' ठेवले. विल्स यांच्या रुग्णांना बरे करणारा घटक याच कुळातला होता. १९४५ मध्ये लेडर्ले प्रयोगशाळेत ते कृत्रिमरीत्या तयार करणाऱ्या चमूचे नेतृत्व येल्लाप्रगडा सुब्बाराव या आंध्रच्या सुपुत्राकडे होते. मुंबईच्या गिरणगावात सुरू झालेला शोध असा पालकाच्या पानावर येऊन थांबला.

फोलेटचे महत्त्व रक्तापुरते नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतो, ती नळी गर्भधारणेनंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते. अनेकींना तोवर दिवस गेल्याचे कळलेलेही नसते. फोलेट कमी पडले तर ही नळी नीट न मिटण्याचा धोका वाढतो. ज्यांना आधी असे मूल झाले होते, अशा मातांना फॉलिक आम्ल दिल्यास हा दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांनी घटते, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने दाखवून दिले. म्हणूनच मूल हवे असे ठरवल्यापासूनच डॉक्टर फॉलिक आम्लाची गोळी सुरू करायला सांगतात. ती गोळी भाजीला पर्याय नाही आणि भाजी त्या गोळीला पर्याय नाही, हे दोन्ही लक्षात ठेवावे.

ज्वारीच्या मुलखातली उणीव

मुदखेडवरून जाणारे रूळ पुढे निजामाबादमार्गे सिकंदराबाद-हैदराबादला पोचतात. १९५६ पर्यंत मराठवाडा हा हैदराबाद राज्याचाच भाग होता. दख्खनच्या या पठारावरचा गरीब माणूस ज्वारीच्या भाकरीवर जगत आला. ज्वारी हे उत्तम धान्य आहे, परंतु केवळ ज्वारीवर भिस्त ठेवणाऱ्या गरिबांमध्ये पूर्वी 'पेलाग्रा' हा आजार आढळे. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर काळपट चट्टे, जुलाब आणि पुढे बुद्धिभ्रम अशी त्याची लक्षणे. ब गटातल्या नायसिन या जीवनसत्त्वाच्या अभावाने तो होतो. १९१८ मध्ये कुन्नूरला बीज रोवली गेलेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला हलवली गेलेली पोषण प्रयोगशाळा म्हणजेच आजची राष्ट्रीय पोषण संस्था. तिथल्या डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ज्वारी खाणाऱ्यांच्या पेलाग्रावर लेख लिहिला. ज्वारीतले ल्युसिन हे अमिनो आम्ल जास्त असल्याने नायसिनचा ताळमेळ बिघडत असावा, अशी त्यांची मांडणी होती. या मांडणीवर पुढे शास्त्रज्ञांमध्ये मतभेद झाले, पण एका धान्यावर जगणे धोक्याचे, या मुद्द्यावर दुमत नाही.

मराठवाड्याच्या जुन्या ताटाकडे या दृष्टीने पाहावे. भाकरीसोबत शेंगदाण्याची चटणी असते. शेंगदाण्यात नायसिन भरपूर, शंभर ग्रॅमला बारा मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक. सोबत ताक, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा, फोडलेला कांदा आणि एखादी पालेभाजी. हे ताट पूर्ण असते तेव्हा त्यात एकाची उणीव दुसरा भरून काढतो. भाकरी आणि नुसते तिखट एवढेच उरते, तेव्हा उणीव उघडी पडते. भाज्यांत नायसिन फारसे नसते, हेही इथे सांगायला हवे. भाजी सर्व जीवनसत्त्वे देते, असे समजणे चूक आहे. ती मुख्यत: 'क' आणि फोलेट देते, काही पालेभाज्या ब-२ देतात, तर ब-१२ कोणत्याही भाजीत नसते. ते दूध, दही, अंडी, मासे आणि मांसातूनच मिळते. शाकाहारी कुटुंबांनी ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. कारण ब-१२ कमी असताना नुसते फॉलिक आम्ल घेत राहिले, तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतून चालू राहू शकते.

आपल्या शिवारात काय आहे?

'क' जीवनसत्त्वासाठी संत्री-मोसंबीकडे पाहण्याची आपल्याला सवय लागली आहे. परंतु आपल्या बांधावरच्या शेवग्याची पाने त्यांना मागे टाकतात. शंभर ग्रॅम पाल्यात जुन्या तक्त्यांनुसार दोनशे मिलिग्रॅमच्या वर आणि २०१७ च्या नव्या भारतीय तक्त्यांनुसार शंभरच्या आसपास 'क' असते. जात, माती, ऋतू आणि तपासणीची पद्धत यांनुसार आकडे बदलतात. म्हणून ते अंदाज म्हणून वाचावेत. कोथिंबीर, हिरवी मिरची, कारले आणि फ्लॉवर हीही या बाबतीत समृद्ध. मेथीत शंभर ग्रॅमला पन्नास ते साठ मिलिग्रॅम 'क' असते. फळांत आवळा आणि पेरू यांना तोड नाही. मध्यम आकाराचा एक पेरू दिवसाची गरज भागवून उरतो. फोलेटसाठी पालक अग्रेसर. शंभर ग्रॅमला सुमारे दीडशे मायक्रोग्रॅम. हरभरा, मूग, चवळी यांतही ते चांगले असते.

याखेरीज रानात आपोआप उगवणाऱ्या भाज्या आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीचा तरोटा, मग कुंजर, घोळ, चिघळ, पाथरी, तांदुळजा. हिवाळ्यात करडईची आणि हरभऱ्याची कोवळी पाने. शहरात वाढलेल्या पिढीला यांची नावेही अनोळखी वाटतात. लातूर-नांदेड भागात मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला शेतात जाऊन भज्जी आणि अंबील खाण्याची प्रथा आहे. ओल्या तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे दाणे, पालेभाज्या आणि इतर हंगामी भाज्या एकत्र शिजवलेली ती भज्जी म्हणजे हंगामातले सगळे शिवार एका पातेल्यात. ती वर्षातून एकदाच का करावी, हा प्रश्न गृहिणींनी स्वत:ला विचारावा.

सांडते कुठे?

आता मूळ प्रश्न. पान देठापासून तुटले तरी ते जिवंत असते, श्वास घेत असते. उष्णता जितकी अधिक, तितका हा श्वास जलद आणि तितका 'क'चा ऱ्हास जलद. पालकासारखी कोवळी पालेभाजी साध्या खोलीच्या तापमानाला दोन-तीन दिवस ठेवली, तर निम्म्याच्या आसपास 'क' गमावू शकते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो. तेव्हा दुपारभर हातगाडीवर राहिलेल्या जुडीची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी. पाने चुरगळली, फाटली की पेशीतली वितंचके मोकळी होतात आणि हवेच्या साहाय्याने 'क' नष्ट करतात. पोत्यात दडपून भरलेल्या भाजीचे नुकसान म्हणून दुहेरी असते.

उरलेले आपण घरी सांडतो. भाजी आधी बारीक चिरायची आणि मग पाण्यात खळखळून धुवायची, ही अनेक घरांतली रीत. चिरल्यावर पेशी उघड्या पडतात आणि पाण्यात विरघळणारे ते पाण्याबरोबर मोरीत जाते. मग भाजी भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकून द्यायचे. अशा उकळण्यात पालेभाजीतले निम्मे किंवा त्याहूनही अधिक 'क' आणि बरेचसे फोलेट जाऊ शकते. रंग हिरवागार राहावा किंवा डाळ लवकर शिजावी म्हणून चिमूटभर सोडा घालायचा. सोड्याने 'क' आणि ब-१ दोन्ही नासतात. आणि सकाळी सहाला केलेली भाजी दुपारी गरम, रात्री पुन्हा गरम. प्रत्येक वेळी उरलेल्यातले थोडे जाते. शेवटी पातेल्यात चव राहते, चोथा राहतो, क्षारही राहतात. पण ज्यासाठी भाजी आणली, त्यातले महत्त्वाचे काही उरत नाही.

जपायचे कसे?

उपाय खर्चिक नाहीत. भाजी शक्यतो सकाळी घ्यावी आणि एक-दोन दिवसांपुरतीच घ्यावी. घरी आल्यावर निवडून, न धुता, कोरड्या सुती फडक्यात किंवा भोके असलेल्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवावी. फ्रिज नसेल तर सावलीच्या गार जागी, ओलसर फडक्याखाली. पालेभाजी उघड्यावर उजेडात ठेवू नये. ब-२ हे जीवनसत्त्व उजेडाने नष्ट होते.

धुणे आवश्यकच आहे. माती, जंतू आणि फवारणीचे अंश जायला हवेत. परंतु पाने अख्खी असतानाच, दोन-तीन पाण्यांतून काढावीत आणि मग चिरावे. चिरून फार वेळ ठेवू नये आणि गरजेपेक्षा बारीक करू नये. आदल्या रात्री भाजी चिरून ठेवणे ही नोकरदार घरांची अडचण समजण्यासारखी आहे. तिथे निदान रात्री भाजी निवडून-धुऊन, नीट निथळून ठेवावी आणि चिरणे सकाळवर सोडावे.

शिजवताना पाणी कमी, झाकण घट्ट आणि वेळ थोडा, हे सूत्र. पालेभाजीला स्वत:च्या पाण्यातच शिजू द्यावे. वाफवणे हे उकळण्यापेक्षा चांगले. प्रेशर कुकरविषयी अनेकांना शंका असते. पण वेळ आणि पाणी दोन्ही कमी लागत असल्याने त्यातले नुकसान उघड्या पातेल्यात दीर्घकाळ उकळण्यापेक्षा सहसा कमीच असते. आपला डाळ-पालेभाजीचा गरगटा किंवा पातळभाजी या दृष्टीने शहाणपणाची आहे. जीवनसत्त्व पाण्यात उतरले, तरी ते पाणी आपण भाकरीसोबत खातोच. उकडलेल्या भाजीचे पाणी वरणात किंवा कणकेत वापरावे. अळूसारख्या खाजऱ्या भाजीचे किंवा फार आंबट अंबाडीचे पाणी टाकण्यामागे मात्र कारण आहे. तिथे हट्ट धरू नये.

आणि रोजच्या ताटात काहीतरी कच्चे असावे. काकडी, मुळा, गाजर, कोबी, कांद्याची पात, कोथिंबीर, टोमॅटो. पावसाळ्यात ते स्वच्छ पाण्याने विशेष काळजीने धुवावे. लिंबू शिजताना न पिळता ताटात पिळावे. पालेभाजीत, डाळीत आणि बाजरीत असलेले लोह शरीराला सहज शोषता येत नाही. त्याच घासासोबत 'क' गेले तर शोषण सुधारते. याउलट जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर घेतलेला चहा हे शोषण रोखतो. ताटाच्या कडेला ठेवलेली लिंबाची फोड ही शोभेची वस्तू नाही. ती रक्ताशी जोडलेली आहे.

एक साधा हिशेब करून पाहू. शंभर ग्रॅम मेथीत पन्नासेक मिलिग्रॅम 'क'. शिजवताना निम्मे गेले असे धरले, तर उरले पंचवीस. अर्ध्या लिंबाचे आठ-दहा, ठेच्यातल्या एका-दोन मिरच्यांचे तेवढेच, कोशिंबिरीतल्या टोमॅटो-कोथिंबिरीचे पंधरा-वीस. एका जेवणात साठ-पासष्टपर्यंत मजल जाते. दुसऱ्या जेवणात मोडाची उसळ आणि एखादे हंगामी फळ आले की बाटलीतल्या गोळीची गरज उरत नाही. हाच हिशेब तीनदा गरम केलेल्या बटाट्याच्या रस्स्यावर बसवून पाहावा, म्हणजे फरक कळेल.

शेवटचे ताट

हे सारे सांगून झाल्यावर एक अप्रिय गोष्ट उरते. आपल्या अनेक घरांत गृहिणी सर्वांत शेवटी जेवते. सर्वांना गरम वाढून झाल्यावर, तळाशी उरलेली, बराच वेळ आचेवर राहिलेली आणि बहुधा कमी पडलेली भाजी तिच्या ताटात येते. कोशिंबीर तोवर संपलेली असते, लिंबाची फोडही. कच्चे, ताजे आणि पहिल्या वाफेचे ते इतरांना; उकळून चोथा झालेले ते तिला. ज्या जीवनसत्त्वांची गरज घरात तिला सर्वांत तीव्र असते, गरोदरपणात फोलेटची तर दुपटीहून अधिक, तीच जीवनसत्त्वे तिच्यापर्यंत पोचता पोचता संपतात. सर्वेक्षणातल्या ५४ टक्क्यांमागे लोहाची, जंतांची, वारंवार होणाऱ्या बाळंतपणांची आणि गरिबीची कारणे आहेतच. पण त्यात या शेवटच्या ताटाचाही वाटा आहे, हे नाकारता येणार नाही. लुसी विल्स यांना परळमध्ये जे दिसले, ते रोगजंतूंचे नव्हते, ताटाचेच होते.

यावर सरकारी योजनेची वाट पाहण्याची गरज नाही. गर्भवतीला लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्या तिने नियमित घ्याव्यात, हे घरच्यांनी पाहावे. आणि ताटे वाढताना तिचेही ताट इतरांबरोबर वाढले जावे. पाने एकाच वेळी मांडायला पैसे पडत नाहीत.

मुदखेडचा शेतकरी पहाटे ओल्या फडक्याखाली फुले झाकतो, कारण दुपारी त्यांची किंमत शून्य होणार हे त्याला ठाऊक असते. भाजीचेही तसेच आहे, फरक इतकाच की तिची उतरलेली किंमत बाजारात कळत नाही. ती काही महिन्यांनी रक्ताच्या तपासणीत कळते, हिरड्यांत कळते, आणि कधी कधी पाळण्यात कळते. देवाच्या फुलांइतकी काळजी उद्यापासून ताटातल्या पानांचीही घेतली, तरी पुष्कळ झाले.